क्रुसाच्या वादात उतरण्याआधी

येशू क्रुसावर मेला की नाही, या ख्रिस्ती-मुसलमान वादात बोलायचंय? आधी कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाची 157वी आयत (ओळ) मागच्यापुढच्या आयतींसकट वाचा. येशूला मारलंही नाही, क्रुसावरही चढवलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं, एवढं तिथे आहे. त्याच्या जागी कोण गेला ते नाही. ते तपशील भाष्यकारांचे, आणि 923 मध्ये वारलेल्या तबरी या भाष्यकारानेच एकमेकांशी न जुळणाऱ्या कथा नोंदवल्यात. तेव्हा ‘मुसलमानांच्या मते येशूच्या जागी त्याला दगा देणारा शिष्य यहूदा चढला’ असं सरसकट ठोकून देऊ नका. अहमदिया पंथाचं तर तिसरंच: येशूला चढवला, पण जिवंत उतरला!

ख्रिस्ती बाजूने येशूच्या मृत्यू-पुनरुत्थानासाठी प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15, धरा, ते शुभवर्तमानांआधीचं, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांआधीचं. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लिखाणाने येशूच्या मृत्युदंडाला आधार मिळतो, पुनरुत्थानाला नाही. ही गल्लत भलेभले करतात.