जुनी सेडान घेताय? दुपारी बघायला जा

नागपुरात रोजचं जाणं-येणं वर्धमाननगर ते हिंगणा एमआयडीसी एवढंच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. पेट्रोल डिझायर, अमेझ किंवा सिटी बघा. पार्ट कुठेही मिळतात.

गाडी सकाळी थंड असताना एकदा स्टार्ट करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत गंजाळ पाणी दिसलं तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आले, हे समजा.

खरी परीक्षा दुपारी. एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. उभी असताना हवा कोमट आणि चालताना गार येत असेल, तर बहुधा पंखा किंवा कंडेन्सरचा दोष असतो. टेम्परेचरचा काटा मधोमधच राहायला हवा. आपल्या मे महिन्यात इथेच गाड्या उघड्या पडतात.

23 सप्टेंबर 2023 च्या पुरात अंबाझरीखालच्या वस्त्यांतल्या गाड्या बुडाल्या होत्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला, स्टेपनीचा खड्डा बघा. गाळाचा डाग दिसला की निघा, भाव कितीही पाडो.

टायरवर 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. सहा वर्षांपुढचे असतील तर चार टायरांचे पैसे किमतीतून कापा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 त्यानंतर.