चित्र आपले, छपाई दुसऱ्याची : चित्रकाराने आपला हक्क कसा राखावा?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते. तुळशीवृंदावने, जुन्या घरांचे सोपे, देवळांच्या भिंतींवरची कावी नक्षी असे विषय घेऊन मी घरी चित्रे काढते आणि त्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते. माझे एक वृंदावनाचे चित्र कळंगुटच्या एका दुकानात टी-शर्टवर आणि मगवर छापून विकले जात आहे, आणि तोच माल ऑनलाइनही मिळतो. कोपऱ्यातील माझी सही कापून टाकलेली आहे. विचारणा केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "चित्र इंटरनेटवर उघडे होते, आणि कावी ही सगळ्या गोव्याची कला आहे, तिच्यावर तुमचा एकटीचा हक्क कसा?" नंतर त्याने पाच हजार रुपये देऊ केले आणि "सर्व हक्क कायमचे दिले" असे लिहिलेल्या कागदावर सही मागितली. याशिवाय, दक्षिण गोव्यातील एका हॉटेलने दोन वर्षांपूर्वी माझी तीन चित्रे पैसे देऊन घेतली होती. त्यांपैकी दोन माझ्याकडे तयार होती, तिसरे त्यांच्या सांगण्यावरून काढले. आता तिन्ही चित्रे त्यांच्या मेनूकार्डावर आणि वेबसाइटवर आहेत. माझे नाव कुठेच नाही, आणि तिसऱ्या चित्राचे तर रंगही बदलले आहेत. मी कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. मी काय करावे? हेच चित्र मी स्वतः टी-शर्टवर छापून विकावे का?

उत्तर : सर्वांत आधी, त्या कागदावर सही करू नये आणि ते पाच हजार रुपयेही सध्या स्वीकारू नयेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हक्कधारकाच्या सहीनेच होते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसती तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसता तर तो भारतापुरता मानला गेला असता, परंतु "कायमचे" हा शब्द त्यात मुद्दाम घातलेला दिसतो. आज केलेली सही उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध दाखवली जाईल. पुढे त्याच्याशी व्यवहार करावासा वाटला, तर हक्क न विकता केवळ परवाना द्यावा आणि त्यात कोणते चित्र, कोणत्या वस्तूवर, किती नग, किती काळ आणि प्रत्येक नगामागे किती रक्कम हे स्पष्ट लिहावे.

नोंदणी नसल्याची चिंता नको. चित्र कागदावर उतरले त्याच क्षणी कॉपीराइट निर्माण होतो आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणीचा फायदा इतकाच, की कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. आपण शाळेत नोकरी करता, म्हणून शाळेच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचा प्रश्न वेगळा ठरू शकतो. घरी, स्वतःच्या वेळेत काढलेल्या चित्रांवर शाळेचा हक्क नाही.

"इंटरनेटवर उघडे होते" हा बचाव कायद्यात बसत नाही. इन्स्टाग्रामवर चित्र टाकताना आपण त्या कंपनीला तिच्या अटींनुसार वापराची परवानगी देता, वाटेने जाणाऱ्या दुकानदाराला नव्हे. कलम ५२ मधील न्याय्य वापराची सवलत स्वतःचा अभ्यास, संशोधन, समीक्षा आणि घडामोडींचे वार्तांकन यांसाठी आहे. माल छापून विकणे तिच्यात येत नाही. पुष्कळ लोक "तुमचे नाव देतो" म्हणून सुटू पाहतात, पण नाव दिल्याने परवानगी मिळत नाही.

कावीसंबंधीचे त्याचे म्हणणे मात्र निम्मे खरे आहे, आणि या निम्म्याला नीट उत्तर द्यावे लागेल. लाल रंगाचा थर कोरून खालचा पांढरा चुना उघडा करण्याची पद्धत, देवळांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या वेली, फुले आणि पक्षी, किंवा अंगणातील वृंदावन हा विषय, यांपैकी कशावरही आपल्याला मक्तेदारी सांगता येणार नाही. कल्पनेला, विषयाला आणि शैलीला कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या विशिष्ट अभिव्यक्तीला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सांगितले आहे. त्यामुळे उद्या दुसऱ्या कोणी कावीच्या धर्तीवर स्वतःच्या हाताने वृंदावन काढले, तर आपण त्याला अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. परंतु आपण पाठवलेले दोन्ही फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. आपल्या चित्रात वृंदावनाच्या पायरीवर एक तांब्या पालथा घातलेला आहे, डाव्या कोनाड्यातील पणतीची वात बाहेर झुकलेली आहे, आणि वेलीचे तिसरे पान कडेच्या चौकटीवर चढले आहे. टी-शर्टवर तांब्या तसाच पालथा आहे, वात तिकडेच झुकलेली आहे आणि पानही चौकटीवरच चढले आहे. परंपरेतून वृंदावन मिळेल, पण आपल्या हातून कागदावर उतरलेला हा पालथा तांब्या कोणत्याही देवळाच्या भिंतीवर सापडणार नाही. नक्कल सिद्ध करताना अशा बारीक खुणाच सर्वांत जास्त कामाला येतात, म्हणून त्या सर्वांची यादी करून ठेवावी.

कापलेल्या सहीचे महत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. चित्र काढले तेव्हा त्यावर ज्याचे नाव होते तोच त्याचा कर्ता, असे कलम ५५(२) प्रमाणे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो. मूळ चित्र आपल्या घरी सहीसह असेल, तर ही बाजू भक्कम आहे. शिवाय कर्त्याचे नाव ही २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या दृष्टीने हक्कविषयक माहिती आहे. ती जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ब खाली दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. सही आपोआप निघत नाही, ती कोणीतरी काढलेली असते. त्यामुळे "मला ठाऊक नव्हते" हे म्हणणेही दुकानदाराला जड जाईल.

आता हॉटेल. येथे तीन चित्रांचे उत्तर एकच नाही. जी दोन चित्रे आपल्याकडे तयार होती ती हॉटेलने विकत घेतली, म्हणजे कॅनव्हास त्यांचा झाला, पण प्रती काढण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा हक्क आपल्याकडेच राहिला. ती भिंतीवर लावणे योग्य, मेनूकार्डावर आणि वेबसाइटवर छापणे अयोग्य. तिसऱ्या चित्राबाबत मला आपल्याला न आवडणारी गोष्ट सांगावी लागते. कलम १७(ब) प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. म्हणून तिसऱ्या चित्राच्या छपाईला बहुधा हरकत घेता येणार नाही. मात्र त्या वेळचे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे, कोटेशन आणि पावती शोधून पाहावी. "फक्त लॉबीत लावण्यासाठी" असे हॉटेलने कोठे मान्य केलेले असेल, तर तेच उलट करार ठरू शकेल. हक्क हॉटेलचा असला तरी कलम ५७ खालचे आपले नैतिक हक्क अबाधित आहेत. कर्ती म्हणून आपले नाव मागण्याचा हक्क चित्र किंवा कॉपीराइट विकल्याने जात नाही. रंग बदलण्याबाबत मात्र त्या बदलाने आपल्या प्रतिष्ठेला बाध येतो हे दाखवावे लागेल. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून त्याची मोडतोड होऊ दिली, तेव्हा शिल्प सरकारच्या मालकीचे असूनही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता.

नोटीस पाठवण्याआधी पुरावा गोळा करावा, कारण नोटीस मिळताच ऑनलाइन पाने नाहीशी होतात. दुकानातून एक टी-शर्ट आणि एक मग रोख न देता यूपीआयने विकत घ्यावा आणि बिल मागून घ्यावे. ऑनलाइनही एक मागवावा आणि खोके, लेबल, बीजक जपावे. प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्राशिवाय स्वीकारला जात नाही. म्हणून ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो बदलू नये, विकू नये. चित्राची पेन्सिलीतील कच्ची रेखाटने, काम चालू असतानाचे फोटो आणि इन्स्टाग्रामवरील मूळ पोस्ट यांना हात लावू नये. पोस्ट रागाने काढून टाकण्याचा मोह होतो, पण तिच्यावरची तारीख आपल्याच उपयोगाची आहे.

ऑनलाइन विक्री थांबवण्यासाठी प्रथम त्या कंपनीचा स्वतःचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरावा, आणि प्रत्येक वस्तूचा वेगळा दुवा द्यावा. "माझी सगळी चित्रे चोरली आहेत" अशा मोघम तक्रारीवर कारवाई होत नाही. एवढ्याने भागले नाही तर कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ खाली लेखी तक्रार करता येते. तक्रारीबाबत समाधान झाल्यास कंपनीने ३६ तासांत तो दुवा बंद करायचा असतो. परंतु हा बंद २१ दिवसांचाच असतो आणि तक्रारीतच आपण त्या मुदतीत दावा लावून न्यायालयाचा आदेश आणू, अशी हमी द्यावी लागते. दाव्याची कागदपत्रे तयार नसताना ही तक्रार केली, तर बाविसाव्या दिवशी माल पुन्हा विक्रीला येऊ शकतो.

दुकानदाराला आणि हॉटेलला वकिलामार्फत वेगवेगळ्या नोटिसा द्याव्यात. हॉटेलच्या नोटिशीत तिसऱ्या चित्रासाठी कॉपीराइटभंगाचा आरोप करू नये, तेथे केवळ नावाची आणि मूळ रंगांची मागणी करावी. निराधार धमकी दिली म्हणून समोरच्याला कलम ६० खाली आपल्याविरुद्धच दावा करता येतो.

दाव्यासाठी आपल्याला दक्षिण गोव्यात खेटे घालावे लागणार नाहीत. कलम ६२ प्रमाणे चित्रकार जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मागणीची किंमत तीन लाख रुपये किंवा अधिक असल्यास प्रकरण वाणिज्यिक दावा ठरते आणि आधी मध्यस्थीचा टप्पा घ्यावा लागतो, पण तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर तो वगळता येतो. मनाई हुकूम, नुकसानभरपाई, नफ्याचा हिशेब आणि उरलेल्या मालाचा ताबा हे सर्व मागावे. मुदत कॉपीराइटभंगापासून तीन वर्षांची आहे. हॉटेलचा वापर केव्हा सुरू झाला ते म्हणूनच आजच तपासावे. फौजदारी मार्गही आहे. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले असून शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे आहे. दुकानदाराविरुद्ध, विशेषतः सही कापल्यामुळे, मी हा मार्ग राखून ठेवीन. हॉटेलविरुद्ध तो वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

स्वतः टी-शर्ट छापण्यापूर्वी थांबावे. डिझाइन म्हणून नोंदणीयोग्य असलेली नक्षी नोंदणी न करता, हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने, औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा अधिक वस्तूंवर छापली, तर कलम १५(२) प्रमाणे त्या डिझाइनमधील कॉपीराइट संपतो. दुकानदाराने चोरून छापलेले नग या पन्नासांत मोजले जात नाहीत, आपले मात्र मोजले जातात. चित्र आणि त्यावरून केलेले डिझाइन यांत फरक करता येतो, पण दावा चालू असताना समोरच्याला हा वाद आयता देऊ नये. पुढे वस्तू काढायच्याच असतील, तर नवी नक्षी करावी आणि ती कोठेही प्रसिद्ध करण्यापूर्वी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवावी.

खर्चाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मागता येते. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करताना मूळ चित्राचा सहीसह फोटो, विकत घेतलेला टी-शर्ट, त्याचे बिल आणि दुकानदाराने दिलेला तो सही न केलेला कागद सोबत न्यावा.