गुप्तहेराच्या तीसेक कादंबऱ्यांची मालिका क्रमानेच वाचावी का? आणि दरवेळी खुनी शोधणंच असेल, तर दहाव्या पुस्तकात कंटाळा येत नाही का?

क्रमानेच वाचा. पहिल्यापासून. यावरून माझं आणि दादाचं तीस वर्षं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

साल १९९४. मी अकरावीत, घर नौपाड्यात. अगाथा ख्रिस्तीच्या हर्क्युल पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या. शंभरपानी वहीच्या शेवटच्या पानावर मी सगळ्यांची नावं सालवार उतरवली होती; एक वाचून झाली की पुढे बरोबरची खूण. दोन झाल्या होत्या. तिसरी, रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची, १९२६ सालची, निम्मी झाली होती.

दादा मिळेल ते पुस्तक उचलणारा. त्याने वाचनालयातून १९३७ ची 'डम्ब विटनेस' आणली. तिच्यात एका ठिकाणी पॉयरो आपल्या आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं एका दमात घेतो. रात्री जेवताना दादाने ती चारही नावं मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, "घे, तुझा वेळ वाचवला." त्यातलं एक नाव उशाशी उघडं पालथं ठेवलेल्या माझ्या पुस्तकातलं होतं. मी ताटावरून उठले. आई मलाच ओरडली, भरल्या ताटावरून उठतात का म्हणून.

ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे त्यांना माझं काय गेलं ते सांगायला नको. बाकीच्यांना मी सांगणार नाही.

दादाचं म्हणणं एकच: प्रत्येक पुस्तकात खून वेगळा, मग क्रम कशाला? अहो, खून वेगळा असतो, माणूस तोच असतो ना! याच कादंबरीत पॉयरो काम सोडून खेड्यात राहायला आलाय. परसात दुधीसारखी फळं लावतो आणि एक दिवस वैतागून त्यातलं एक कुंपणापलीकडे भिरकावतो. शेजारच्या डॉक्टरांशी बोलताना दूर अर्जेंटिनाला गेलेल्या मित्राची आठवण काढतो. हा मित्र म्हणजे हेस्टिंग्ज. आधीच्या दोन पुस्तकांत हेस्टिंग्ज त्याच्या सोबत असतो, दुसऱ्यात तर प्रेमातही पडतो. क्रमाने आलेल्या वाचकाला इथे तो नाही हे जाणवतं. तिसऱ्यापासून सुरुवात केलेल्याला ते एक वाक्य नुसतं वाक्य वाटतं. पुढे हेस्टिंग्ज येऊन-जाऊन असतो, १९३७ नंतर मात्र कादंबऱ्यांतून जातो तो थेट १९७५ च्या 'कर्टन'मध्ये, शेवटच्या पुस्तकात, परततो. आणि ती घडते कुठे? १९२० च्या पहिल्या पुस्तकात ज्या घरात घडलं होतं, त्याच घरात. आता पॉयरो चाकाच्या खुर्चीत आहे.

माझी 'कर्टन'ची प्रत १९९९ मध्ये फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. तेव्हा यादीतल्या अकरा सापडायच्या होत्या. मी ती कपाटात साड्यांखाली ठेवली आणि नऊ वर्षं उघडली नाही. वाचली ती २००८ मध्ये, ठाणे-वाशी गाडीत, ऐरोली ते कोपरखैरणे रोज थोडी थोडी. पहिल्याच पानांवर हेस्टिंग्ज त्या घराकडे निघालेला होता आणि मला खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. चौदा वर्षांची ओळख होती ती.

दादा अजून म्हणतो, "बाईने स्वतःच शेवटचं पुस्तक मधेच लिहून टाकलं होतं, कसला क्रम?" खरं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तिने ते लिहून ठेवलं होतं. पण लिहून कुलपात ठेवलं ना! तीसहून जास्त वर्षं! क्रमाला किंमत नसती तर तेव्हाच छापलं असतं.

कंटाळ्याचं विचारलंत. मधली चार-पाच पुस्तकं सुमार आहेत, ती भराभर वाचा, पण गाळू नका.

हां, प्रत्येक मालिकेला हा नियम लागू नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा क्रम लावत बसाल तर वाचणार कधी? झुंजार आणि काळा पहाड कुठूनही उचला. सत्यजित राय यांचा फेलूदाही कुठूनही चालतो, फक्त 'सोनार केल्ला' लवकर घ्या, त्याचा लेखक मित्र जटायू तिथे पहिल्यांदा भेटतो. आणि खुनी आधी कळला तर पुस्तक मरत नाही, हेही मान्य. मी ती अ‍ॅक्रॉइडची नंतर तीनदा वाचली. लेखिकेने डोळ्यांदेखत काय काय लपवलंय ते आधी माहीत असल्यामुळेच दिसलं. पण तो दुसऱ्या वाचनाचा आनंद. पहिलं वाचन माझं होतं, ते दादाने घेतलं.

त्याची मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत तिने विचारलं, "आत्या, कुठून सुरू करू?" मी वही काढून दिली. माझ्या खुणांशेजारी ती हिरव्या पेनाने तिच्या करते, नवव्यावर आहे. जेवताना बाबासमोर पुस्तकाचा विषय काढायचा नाही, एवढंच तिला बजावलंय. 'कर्टन' मी अजून दिलेली नाही. दादाने दोनदा मागितली, त्यालाही नाही.