वाचकांचे प्रश्न : मेजवानी, कैद आणि लपवलेला कालवा

प्रश्न : पॅरिसच्या आग्नेयेला असलेल्या व्हो-ल-व्हिकोंत या प्रासादाच्या मालकाने राजाला मेजवानी दिली आणि तिचा थाट पाहून जळफळलेल्या राजाने त्याला कैदेत टाकले, असे सहलीत वाटाड्याने सांगितले. ते खरे आहे का? शिवाय तिथली बाग चालू लागताच लांबत गेल्यासारखी वाटली, तो दमलेल्या पायांचा भास होता का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाटाड्याने निमित्तालाच कारण ठरवले आहे. प्रासादाचा मालक निकोला फुके हा १६५३ पासून फ्रान्सच्या खजिन्याचा कारभार पाहत होता. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने चौदाव्या लुईला मेजवानी दिली, त्या रात्री मोलिएरचे नवे नाटकही झाले, आणि तीन आठवडे उलटण्याआधीच, ५ सप्टेंबरला, त्याला नांत येथे अटक झाली. तेव्हा लोकांनी दोन्हींची सांगड घातली यात नवल नाही. मात्र मार्चमध्ये प्रधानमंत्री माझारँ वारल्यावर राज्य स्वतः चालवायचे, असे लुईने ठरवले होते, फुकेचा दरबारातला प्रतिस्पर्धी कोल्बेर राजाच्या कानावर फुकेच्या हिशेबांतील घोळ घालतच होता आणि अटकेचा बेतही मेजवानीआधीच शिजला होता. खटला तीन वर्षे चालला. १६६४ मध्ये न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, तेव्हा राजाने ती सौम्य करण्याऐवजी वाढवून जन्मठेप केली. राजाच्या दयेचा असा उलटा वापर क्वचितच झाला असेल. १६८० मध्ये फुके पिन्येरोलच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

वास्तू लुई ल व्होची, सजावट शार्ल ल ब्रंची आणि बाग आंद्रे ल नोत्रची. पुढे व्हर्सायसाठी राजाने याच तिघांना कामाला लावले. प्रासादाच्या मधोमध घुमटाखालचा लंबवर्तुळाकार दिवाणखाना बागेकडे पुढे आलेला आहे, आणि दारे एका रेषेत असल्यामुळे पुढच्या अंगणातूनच नजर आरपार बागेत जाते. त्या घुमटाच्या आतील बाजूसाठी ल ब्रंने योजलेले चित्र मालकाच्या अटकेमुळे कधी रंगवलेच गेले नाही.

आता बागेविषयी. तुमचे पाय निर्दोष आहेत. प्रासादाच्या पायऱ्यांवरून पाहिले, तर चौकोनी तळ्याच्या काठालाच दगडी गुहांची भिंत टेकलेली दिसते. प्रत्यक्षात त्या दोहोंच्या मध्ये, खालच्या पातळीवर, जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा आडवा कालवा आहे, आणि तो काठाशी पोहोचेपर्यंत दिसत नाही. ल नोत्रने जमिनीचे उतार साधले आणि दूरची तळी जवळच्यांहून मोठी ठेवली, त्यामुळे लांबचे जवळ भासते. कालव्याला वळसा घालून गुहांच्या वरचा चढ चढलात की हर्क्युलिसचा सोनेरी पुतळा लागतो. तो मात्र फुकेच्या काळचा नाही. १८७५ मध्ये ही मोडकळीला आलेली मालमत्ता लिलावात घेऊन सावरणाऱ्या आल्फ्रेड सोमिए या साखर कारखानदाराने तो बसवला. तिथून मागे वळून पाहिले, तर ज्या कालव्याने तुम्हाला एवढा वळसा घालायला लावला, त्याच्या पलीकडे सारा प्रासाद एका नजरेत मावतो.