तिकीट दीडशे पौंडांचं आणि व्हिसा तीन हजारांचा

प्रश्न कॉव्हेंट्रीहून आलाय. मुलगी २४ वर्षांची, सप्टेंबरपासून तिथे एमएस्सी करतेय, पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं तालमी करून रात्री उशिरा घरी जाणाऱ्यांपैकी. तिनं लिहिलंय ते थोडक्यात असं:

"ताई, ४ फेब्रुवारी २०२६ पासून लंडनला अभिनेत्री सिंथिया एरिव्होचं 'ड्रॅक्युला' नाटक सुरू होतंय, २३ पात्रं ती एकटी करणार. बाबांकडच्या कॅसेटवर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ऐकत मोठी झालेय, एकटा माणूस स्टेज भरून टाकतो हे माझ्या डोक्यातून जातच नाही. पुढच्या रांगांचं तिकीट १५५ पौंड दिसतंय, रात्री राहायला ९५, गाडी, खाणं धरून ३१० होतात. मैत्रीण म्हणते तीन हप्त्यांत घे, कळणारही नाही. माझ्याकडे ९०० पौंड साठलेत. पण घरी २८ लाखांचं एज्युकेशन लोन आहे, पावणेअकरा टक्क्यांनी, आणि बाबा जामीन. आईला सांगायचीसुद्धा लाज वाटतेय. जाऊ का?"

आधी उत्तर सांगते, मग हिशोब. जा. पण ३१० पौंडांत नाही, ७५ पौंडांत जा, आणि त्या ७५ मध्ये तिकीट, गाडी, खाणं सगळं आलं.

आता हे ७५ कुठून आले ते सांगते, कारण तू नुसतं हो-नाही विचारलेलं नाहीस, तुझ्या पत्रात लाज हा शब्द आहे आणि लाज वाटते तेव्हा माणूस एकतर खर्च लपवून करतो किंवा मन मारून बसतो, दोन्हीत हिशोब राहूनच जातो.

तू लिहिलंयस की आठवड्याला २० तास वेअरहाऊसमध्ये काम, तासाला १२.२१ पौंड. म्हणजे आठवड्याचे २४४ आणि महिन्याचे सरासरी साडेदहाशेच्या थोडे वर. भाडं-बिलं ५४०, खाणं १७०, बस आणि फोन ६०, वरखर्च ५०, झाले ८२०. उरतात २३५-२४०. तुझा ३१० चा बेत म्हणजे २५ तासांचं काम, आठवडाभर खोकी उचलून वर आणखी एक शिफ्ट. रुपयांत १२० च्या भावानं ३७,२०० होतात. तुझ्या लोनवर महिन्याला साधारण २५,००० व्याज चढतंय, तर ही एक संध्याकाळ दीड महिन्याच्या व्याजाएवढी होते.

तरीही मी तुला लोनकडे बोट दाखवून थांबवणार नाही. ७५ पौंड, म्हणजे ९,००० रुपये, तू आज लोनमध्ये भरलेस तर वर्षाला साडेनऊशे-हजार रुपये व्याज वाचेल. वाचेल ते खरंच आहे, पण २८ लाखांचा डोंगर ९,००० नं हलत नाही, तो नोकरी लागल्यावर हलणार, आणि नोकरीसाठी तुला इथे राहायला मिळणं महत्त्वाचं. खरी गोष्ट इथे आहे आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेखच नाहीये.

ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण संपल्यावर इथे राहून नोकरी करू देणारा. कोर्स सप्टेंबरमध्ये संपेल, निकाल लागून युनिव्हर्सिटीनं होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवलं की तुला अर्ज करता येईल. २०२६ च्या सुरुवातीच्या दरानं अर्जाची फी ८८० पौंड आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे, वर्षाला १,०३५, दोन वर्षांचे २,०७०. एकूण २,९५०, आणि हे हप्त्यांत नाही, अर्ज करताना एकरकमी भरायचे. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे, म्हणजे तुझा अर्ज ३१ डिसेंबरच्या आत जायला हवा. त्या वेळी पैसे कमी पडले म्हणून बाबांना फोन करावा लागला तर ते देतील, मला माहितीय, पण कुठून देतील हेही तुला माहितीय.

आणि उन्हाळ्यात जास्त तास काम करून भरून काढीन असं मनात असेल तर ते काढून टाक. मास्टर्सवाल्यांचा डिझर्टेशनचा काळ सुट्टी धरला जात नाही, स्टुडंट व्हिसावरची आठवड्याला २० तास कामाची मर्यादा तेव्हाही लागू असते. बरीच मुलं इथेच फसतात, बीएस्सीच्या मित्राला पूर्ण वेळ काम करताना बघून आपल्यालाही चालेल असं धरून चालतात, आणि हा नियम मोडला तर व्हिसाच धोक्यात येतो.

तर २,९५० मधून तुझे ९०० वजा केले की राहिले २,०५०. फेब्रुवारी ते नोव्हेंबर दहा महिने, महिन्याला २०५. तुझे उरतात २३८ च्या आसपास. फरक ३३ पौंडांचा. ४ फेब्रुवारी ते ३० मे हे नाटक आहे, म्हणजे चार महिन्यांत तुझ्या हातात १३० पौंड खरोखर मोकळे आहेत. त्यातले ५५ मी बाजूला ठेवायला सांगतेय कारण वेअरहाऊसच्या शिफ्ट कधी कमी होतील सांगता येत नाही, आणि तू एकदा तरी आजारी पडशीलच. राहिले ७५. ते तुझे आहेत, कुणाला विचारायची गरज नाही.

आता कुणी म्हणेल नाटकच ना, थांब की एक वर्ष, नोकरी लागली की बघ. लंडनमध्ये वर्षानुवर्षं चालणारी म्युझिकल्स आहेत, त्यांच्याबाबतीत मी हेच म्हटलं असतं, ती कुठे पळून जात नाहीत. हे तसं नाही. एकपात्री म्हणजे ते एक माणूस, ते माणूस गेलं की प्रयोग गेला. आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे ५२ पात्रं उभी करायचे, ते २००९ मध्ये गेले, आणि आता कितीही पैसे आले तरी तुला ते समोर बसून बघता येणार नाहीत. हे ३० मेला संपतंय. वाट बघण्याचीही किंमत असते आणि इथे ती मोठी आहे, म्हणून मी हो म्हणतेय.

हॉटेल पहिलं काढून टाक. ९५ पौंड फक्त झोपायचे. कॉव्हेंट्री ते लंडनचं यूस्टन स्टेशन फास्ट गाडीनं तासाभराचा रस्ता आहे, हळू गाडी दुप्पट वेळ घेते पण बरीच स्वस्त पडते, आणि आधी बुक केलं तर कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, त्याहून कमी. दुपारचा प्रयोग मिळाला तर उत्तम, नाहीतर प्रयोग किती वाजता सुटतो आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते बघ आणि मगच तिकीट काढ, उलट्या क्रमानं नाही. १६-२५ रेलकार्ड ३५ पौंडांचं आहे आणि एक तृतीयांश सूट देतं, म्हणजे वर्षात १०५ पौंडांच्या वर गाडीचा प्रवास होणार असेल तरच ते वसूल होतं. इंटरव्ह्यूंसाठी फिरणार असशील तर घे, एका नाटकासाठी नको. हे नाटक सेंट मार्टिन्स लेनवरच्या नोएल कावर्ड थिएटरला आहे, ते यूस्टनपासून चालत अर्ध्या तासावर, ट्यूबचेही पैसे वाचतात. डबा घरून ने.

मग सीट. पुढच्या रांगेचा मोह मला कळतो, पण या नाटकाची जात वेगळी आहे. दिग्दर्शक किप विल्यम्स स्टेजवर कॅमेरे फिरवतात, नटीचा चेहरा मोठ्या पडद्यावर दिसतो, त्यांनी सारा स्नूकला घेऊन 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' केलं तेही असंच होतं, २६ पात्रं, २०२४ मध्ये लंडनला आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेला. चेहरा पडद्यावर मोठा दिसणार असेल तर लांबच्या सीटचं नुकसान नेहमीच्या नाटकापेक्षा कमी होतं. ज्या प्रयोगात नुसता माणूस आणि एक खुर्ची असते तिथे मी म्हटलं असतं जवळ बस, इथे नाही म्हणणार. फक्त एक बघ, खालच्या मजल्याच्या अगदी मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचं छत येतं आणि पडद्याचा वरचा भाग कापला जाऊ शकतो, म्हणून त्यापेक्षा वरच्या मजल्यांवरची मधली सीट बरी. सगळ्यात वरती बाल्कनी. थिएटर १९०३ चं आहे, जिने भरपूर आणि पाय ठेवायला जागा कमी, पण तू २४ ची आहेस. रेस्ट्रिक्टेड व्ह्यू लिहिलेलं असेल तर काय अडतंय ते वाच, एखादा कठडा अडत असेल तर पुढे वाकून भागतं, खांब अडत असेल तर नाही भागत.

तिकीट थिएटरच्या स्वतःच्या साइटवर बघायला सुरुवात कर. तीच सीट वेगवेगळे एजंट वेगवेगळ्या फीनं विकतात, म्हणून शेवटच्या पानावरची रक्कम बघायची, पहिल्या नाही. आणि भाव रोज हलतात, शनिवारी रात्री ९० ला असलेली जागा मधल्या वारी निम्म्यानं दिसू शकते. लेक्चर नसलेला वार कुठला ते बघून ठेव. टुडेटिक्स ॲप फोनवर टाक, ज्या नाटकांची रश (ऐन वेळची स्वस्त) तिकिटं असतात ती त्याच दिवशी सकाळी तिथे निघतात. लेस्टर स्क्वेअरचं टीकेटीएस हे सवलतीच्या तिकिटांचं बूथ चांगलं आहे पण गाजणाऱ्या नाटकांची तिकिटं तिथे क्वचित येतात, त्याच्या भरवशावर कॉव्हेंट्रीहून निघू नकोस. बॉक्स ऑफिसला परत आलेल्या तिकिटांबद्दल विचारणं मात्र नक्की कर, फोन केला तरी चालतो, ही माणसं मदत करतात. तू एकटीच जाणार आहेस हा तुझा फायदा आहे, एक सुटी सीट मिळणं दोनपेक्षा खूप सोपं. ४० पौंडांपर्यंत मिळालं की घे, २५ ला मिळेल म्हणून आणखी थांबू नकोस.

रिसेलच्या, म्हणजे लोकांनी घेतलेली तिकिटं पुन्हा विकणाऱ्या, साइट्सपासून लांब राहा. मी इथे विद्यार्थिनी होते तेव्हा एका साइटवरून ६५ पौंडांना तिकीट घेतलं होतं, दारात स्कॅन केलं तर त्यावर आधीच कुणीतरी आत गेलेलं. पैसे परत मिळाले नाहीत, आणि परतीच्या बसमध्ये मी रडले होते कारण ते माझे दोन आठवड्यांचे खाण्याचे पैसे होते. सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये छापील किमतीच्या वर तिकीट विकण्यावर बंदी आणणार असं जाहीर केलंय, पण जाहीर झालं म्हणजे लगेच कायदा झाला असं नाही, तोवर तुझी काळजी तुलाच घ्यायचीय.

हप्त्यांबद्दल मैत्रीण म्हणते कळणार नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. तीन हप्ते म्हणजे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल तिन्ही महिन्यांत तुझ्या २०५ ला शंभरेक पौंडांची कात्री. डेबिट कार्डानं एकदम भर. क्रेडिट कार्डाचं कायद्यानं मिळणारं संरक्षण १०० पौंडांच्या वरच्या वस्तूला असतं, ४० च्या तिकिटाला ते लागूच नाही, त्यामुळे त्यासाठी कार्ड काढू नकोस.

आणखी एक, एकपात्रीचा धोका. नटी आजारी पडली आणि प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, गाडीचे नाहीत. अंडरस्टडी, म्हणजे तिच्या जागी तयार ठेवलेली बदली नटी, उभी राहिली तर सहसा काहीच परत येत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्याची तारीख घेऊ नकोस, मार्चची घे, म्हणजे काही बिनसलं तर दुसऱ्यांदा बघायला एप्रिल-मे हातात राहतात.

आणि कितीही शोधून ७५ मध्ये नाहीच बसलं, तर ते पैसे तसेच ठेव. नॅशनल थिएटर दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याची तिकिटं १० पौंडांना काढतं. अँड्र्यू स्कॉटचं 'वान्या' आणि जोडी कोमरचं 'प्रायमा फेसी', दोन्ही एकट्यानं केलेली, थिएटरनंतर सिनेमागृहांत दाखवली गेली होती. प्रत्येक नाटकाचं असं होतंच असं नाही, आणि समोर बसून बघण्याची सर त्याला नाही हे तालमी केलेल्या मुलीला मी सांगायला नको.

पगार शुक्रवारी होतो म्हणालीस ना, मग या शुक्रवारी आधी २०५ वेगळ्या खात्यात टाक, खात्याला नाव व्हिसा दे, आणि त्याच बैठकीत मार्चच्या मधल्या वारांच्या तारखा बघ. आईला तिकीट काढल्यावर सांग, दोन्ही आकडे एकदमच सांग, २०५ आणि ७५.