उद्योजक आणि दानशूर अशा दोन्ही नात्यांनी कोणत्या भारतीय व्यक्तीचे चरित्र अभ्यासावे?

आपण विचारले आहे की, उद्योग आणि परोपकार या दोन्ही अंगांनी अभ्यासावे असे एकच भारतीय चरित्र निवडायचे झाल्यास ते कोणाचे निवडावे. टाटा आणि प्रेमजी ही नावे इतर उत्तरांत येतीलच, म्हणून मी जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजे नाना शंकरशेट, यांचे नाव सुचवतो. या निवडीत थोडा पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो. मी ठाण्यात तीसेक वर्षे संस्कृत शिकवले आणि नाना मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरबाडचे.

शालान्त परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांना मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीमुळे हे नाव आमच्या वर्गात दरवर्षी निघत असे. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला ती पटकावली होती, हे मी मुलांना नेमाने सांगत असे. एका वर्षी फळ्यावर हे नाव लिहून मी वळतो तोच पहिल्या बाकावरच्या एका मुलाने त्याचा द्वंद्व समास करून विग्रहही सांगून टाकला: ‘जगन्नाथ आणि शंकरशेट’. दोन गृहस्थांनी मिळून ठेवलेली एक शिष्यवृत्ती, अशी त्याची समजूत होती. वर्ग हसला, मीही हसलो. पण शंकरशेट हे वडिलांचे नाव आणि मुरकुटे हे आडनाव, एवढे सांगून झाल्यावर पुढे काय सांगावे हे मलाच सुचेना, आणि त्या संध्याकाळपासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी एका संपन्न दैवज्ञ घराण्यात झाला. १८२२ साली वडील गेले, तेव्हा ऐन एकोणिसाव्या वर्षी व्यापाराचा आणि इस्टेटीचा सगळा भार त्यांच्यावर पडला. शून्यातून उभ्या राहिलेल्या माणसाची कथा आपल्याला हवी असेल, तर ती येथे नाही. त्यांनी वडिलार्जित धन सांभाळले, वाढवले आणि व्यापारी म्हणून अशी पत मिळवली की, अरब आणि अफगाण व्यापारीदेखील आपला ऐवज बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्या हवाली करणे पसंत करीत, असे लिहिलेले आढळते.

हा ‘पत’ शब्द मला त्यांच्या चरित्राची किल्ली वाटतो. पैसा अनेकांनी दिला, आणि त्यांच्या काळच्या मुंबईत त्यांच्याहून मोठ्या रकमा देणारे सर जमशेटजी जीजीभॉय होतेच. नानांनी मात्र पेढीवर कमावलेली पत सार्वजनिक कामात गुंतवली. सतीबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात लागू करताना गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हिंदू समाजाची समजूत घालायला हाच माणूस लागला, आणि सोनापूरची स्मशानभूमी हिंदूंना मिळावी म्हणून सरकारशी बोलायलाही समाजाला हाच माणूस लागला. सुधारणा आणि परंपरा या दोन्ही बाजूंच्या लोकांनी ज्याच्या शब्दावर विसंबावे, अशी माणसे कोणत्याही शहरात फार थोडी असतात.

शिक्षक असल्याने मी त्यांच्या शिक्षणविषयक कामापाशी अधिक रेंगाळतो. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे, म्हणजे मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाचे, ते बरीच वर्षे सभासद होते. या मंडळात १८४७-४८ च्या सुमारास शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते, तर कर्नल जर्विस देशी भाषांच्या बाजूचे होते. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे भारतीय सभासद जर्विस यांच्या बाजूने उभे राहिले. सामान्य लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच अधिक चांगले पोचेल, असे मत नानांनी लेखी नोंदवले. ज्याचा सगळा व्यवहार इंग्रजांशी होता आणि ज्याला इंग्रजीचा बाजारभाव पुरता ठाऊक होता, त्याने अध्यक्षांच्या विरोधात असे मत देणे मला देणगीपेक्षा मोठे वाटते. एल्फिन्स्टन संस्थेच्या तरुणांच्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हाही त्यांनी पैसा दिला आणि आपल्या आवारात जागा दिली. पैसा कदाचित दुसऱ्या कोणीही दिला असता. परंतु शंकरशेटांच्या वाड्यात भरते म्हटल्यावर त्या शाळेत मुलगी धाडायला गिरगावातल्या बापाचे मन थोडे तरी तयार झाले असेल, असा माझा तर्क आहे.

येथे थोडे विषयांतर. मी ज्या शाळेत होतो तिला एका गृहस्थांनी प्रयोगशाळेसाठी देणगी देऊ केली होती. मात्र दारावरच्या फलकात शाळेच्या नावापेक्षा त्यांच्या नावाची अक्षरे मोठी असावीत यावर बोलणी अडली आणि दोन वर्षे मुलांनी जुन्याच गळक्या खोलीत प्रयोग केले. नाना मंडळाच्या बैठकांना वर्षानुवर्षे बसले, कागद वाचत राहिले, टिपणे लिहीत राहिले, हे वाचताना मला ते फलक-प्रकरण हटकून आठवते.

आता रेल्वे. १८४५ साली नाना आणि जमशेटजी यांनी भारतात रेल्वे यावी म्हणून इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या दहा संचालकांत भारतीय होते ते हे दोघेच. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांसह निघाली आणि ३४ किलोमीटरांवरच्या ठाण्यास आली. त्या पाहुण्यांत नानाही होते. आज सकाळी आठच्या जलद गाडीत एक पाय टेकायला जागा मिळवणाऱ्या ठाणेकराला हे सांगितले, तर तो काय उत्तर देईल ते मी येथे लिहीत नाही.

राजकारणातही ते पुढे होते. ऑगस्ट १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष होते आणि या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे राज्यकारभारातील दोष दाखवणारा अर्ज पाठवला. १८५७ च्या उठावात त्यांचे अंग असल्याचा संशय सरकारने घेतला, पण पुरावा न मिळाल्याने ते सुटले. आणि थोड्याच वर्षांत, १८६१ च्या कायद्यानुसार, त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या विधिमंडळात घेतले. त्यांच्या निष्ठेविषयी आज दोन टोकांची मते मांडली जातात. मला ते बंडखोरही वाटत नाहीत आणि खुशमस्करेही वाटत नाहीत; सरकारशी व्यवहार करताना हिशेब चोख ठेवणारा व्यापारी जसा वागेल तसे ते वागले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात कापसाच्या तेजीवर फुगलेला मुंबईचा सट्टाबाजार कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या होत्या.

एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, ग्रँट रोडला नाना चौक आहे आणि आता मेट्रोच्या एका स्थानकालाही त्यांचे नाव मिळाले आहे. आपण ठाण्याच्या बाजूला येणार असाल तर मात्र मुरबाडला अवश्य जाऊन या. ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५४ साली, नानांच्या हयातीतच, कल्याणला पोचली. तेथून पुढे मुरबाडला रेल्वे नेण्याची बोलणी वर्षानुवर्षे चालू आहेत. तूर्त कल्याणला उतरून एसटीच धरावी लागते.