ब्रॉडबँड बंद करायला सांगूनही बिले येत आहेत. पैसे न भरता दुसरे कनेक्शन घेतले तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या घरी तुम्ही महिना ७९९ रुपयांचे ब्रॉडबँड घेतले, संध्याकाळी त्याचा वेग सतत पडत राहिला, म्हणून ५ जूनला तुम्ही फोन करून कनेक्शन बंद करायला सांगितले. तरीही जून आणि जुलैची बिले आली, त्यांत राउटरचे ३,००० रुपये जोडले गेले, आणि आता एकूण ४,८८५ रुपये ६४ पैशांसाठी वसुलीचे फोन येत आहेत. हे पैसे न भरता सरळ दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

दुसरे कनेक्शन जरूर घ्या, पण पहिल्या कंपनीशी लेखी वाद उभा न करता नुसते पैसे थांबवू नका. न भरलेले बिल आणि हरकत घेतलेले बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तुम्ही थकबाकीदार ठरता, दुसऱ्यात तुम्ही तक्रारदार असता, आणि पुढे कोणासमोरही जायची वेळ आली तर हा फरकच निर्णायक ठरतो.

मी इंदिरानगरला राहते आणि घरूनच हिशेबाचे काम करते, त्यामुळे इंटरनेट बंद म्हणजे त्या दिवसाचे काम बंद. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्याकडचे कनेक्शन सलग अकरा दिवस बंद होते. भिंतीवरच्या डब्यातला लाल दिवा लागलेला होता, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता, तरी फोनवरचा मुलगा रोज मला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगत असे. त्या महिन्याचे बिल पूर्ण आले. मी कनेक्शन बंद करायला सांगितले ते फोनवर, आणि तुमच्यासारखीच मलाही त्यानंतर दोन बिले आली. ती दोन्ही बिले शेवटी रद्द झाली आणि अकरा दिवसांची सूटही मिळाली, मात्र राउटरचे २,५०० रुपये मला भरावे लागले. त्याचे कारण शेवटी सांगते, कारण तुमच्या बाबतीत ती चूक अजून टाळता येण्यासारखी आहे.

सर्वप्रथम बिलातली प्रत्येक रक्कम वेगळी करा. ७९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की ९४२ रुपये ८२ पैसे होतात आणि दोन महिन्यांचे १,८८५ रुपये ६४ पैसे, म्हणजे उरलेले ३,००० पूर्णपणे राउटरचे आहेत. बिलाचे चक्र १ तारखेला सुरू होत असेल, तर जूनच्या पहिल्या पाच दिवसांचे १५७ रुपये १४ पैसे तुम्ही खरोखर देणे लागता. कनेक्शन घेताना स्वीकारलेल्या अटींमध्ये पूर्वसूचनेचा काळ लिहिलेला असेल, तर तेवढ्या दिवसांचेही पैसे त्यात धरा. ही मान्य रक्कम आधी भरून टाका आणि ‘उरलेल्या रकमेवर माझी हरकत आहे’ असे त्याच दिवशी ईमेलने कळवा. मी हे केले तेव्हा घरच्यांना ते भाबडेपणाचे वाटले होते, पण पुढे माझ्या बाजूने सर्वांत उपयोगी पडलेला कागद हाच होता. देणे टाळायचे नाही, फक्त चुकीचे देणे द्यायचे नाही, हे त्यातून कोणालाही दिसते.

एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: ५ जूननंतर तुमच्या घरातला राउटर चालू होता का? कंपनीकडे वापराची नोंद असते. बंद करायला सांगितल्यानंतरही घरातल्या कोणी महिनाभर त्यावर चित्रपट पाहिले असतील, तर ‘मी ५ जूनलाच सेवा सोडली’ हे म्हणणे कमजोर होते, आणि मग वापरलेल्या दिवसांपुरते पैसे मान्य करणेच योग्य ठरेल.

फोनवरच्या विनंतीचा पुरावा तुमच्याकडे नाही असे समजू नका. मोबाइलमधल्या कॉलच्या यादीत ५ जूनचा तो कॉल किती मिनिटांचा होता हे दिसते, त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा, आणि त्या दिवशी एखादा एसएमएस आला असेल तर तोही जपा. आता नोंदणीकृत ईमेलवरून एक स्वतंत्र पत्र पाठवा. त्यात ग्राहक क्रमांक, फोन केल्याची तारीख व वेळ, सेवा त्या तारखेपासून बंद धरण्याची मागणी, राउटर परत नेण्यासाठी माणूस पाठवण्याची विनंती आणि अनामत ठेव भरली असल्यास ती परत करण्याची मागणी, एवढेच असावे. वेगाविषयीचा राग, त्या मुलाचे उद्धट बोलणे, हे या पत्रात आणू नका, कारण एका पत्रात पाच विषय असले की उत्तर देणारा त्यातल्या सर्वांत सोप्या विषयाला उत्तर देऊन तक्रार बंद करतो.

त्याच दिवशी बँकेतून किंवा यूपीआयमधून आपोआप पैसे जाण्याची परवानगी रद्द करा. कार्ड किंवा यूपीआयवरून अशी कपात होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या सूचनेच्या भरवशावर राहू नका, कारण गेलेले पैसे परत मागण्यापेक्षा न गेलेल्या पैशांवर वाद घालणे फार सोपे असते.

यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे बिलाची तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. याला तिथले लोक डॉकेट नंबर म्हणतात. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारे सरकारी नियामक प्राधिकरण, याच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ‘मॅडम, मी रिक्वेस्ट टाकली आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा आणि पुन्हा फोन करा. बिलाच्या तक्रारीसाठी चार ते सहा आठवड्यांची मुदत धरली जाते, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर आठवड्याभरात ती रक्कम वजा व्हायला हवी.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्याच कंपनीतल्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येते. बहुतेक ग्राहक या पायरीपर्यंत येतच नाहीत, आणि मला वाटते सगळी खरी ताकद इथेच आहे. अपील ३० दिवसांच्या आत करायचे असते, त्याला शुल्क नाही, आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तक्रार केंद्रातला माणूस समोरच्या पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच बोलू शकतो, पण अपील पाहणाऱ्या व्यक्तीला लेखी कारण द्यावे लागते. माझ्या अपिलात मी फक्त तारखा लिहिल्या होत्या: लाल दिवा लागला तो दिवस, दुरुस्ती झाली तो दिवस, बंद करायला सांगितले तो दिवस, त्यानंतरच्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक. एका पानात ते मावले. तिसाव्या दिवसाच्या सुमारास दोन्ही बिले रद्द केल्याचा ईमेल आला.

मध्ये सेवा पूर्ण बंद पडली असेल, तर त्या दिवसांची सूटही याच अपिलात मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनुसार बिघाड तीन दिवसांहून अधिक काळ राहिला तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ मिळते. ही सूट मागितल्याशिवाय मिळालेली मी पाहिलेली नाही.

वेगाचा मुद्दा मात्र सिद्ध करायला कठीण आहे, आणि तिथे घाई करू नका. वायफायवर घेतलेली चाचणी कंपनी मान्य करत नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते, कारण दोन भिंतींपलीकडे गेल्यावर चांगल्या लाइनचाही वेग निम्म्यावर येतो. लॅपटॉपला राउटरशी लॅन केबलने जोडा, बाकी सर्व उपकरणे बंद करा, आणि आठवडाभर रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता वेग मोजून नोंद ठेवा. सकाळी शंभर आणि रात्री सात एमबीपीएस असा नमुना रोज दिसला, तर दोष तुमच्या घरातला नसून एकाच लाइनवर फार ग्राहक जोडल्याचा असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही कराराच्या कागदावर बहुधा ‘पर्यंत’ हा शब्द असतो, त्यामुळे वेगाच्या कारणावरून पैसे परत मिळण्याची आशा मी धरणार नाही. तो मुद्दा कंपनी सोडण्याचे कारण म्हणून पुरेसा आहे.

अपिलानेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे १०६३ वर किंवा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून जाता येते. ट्रायकडे थेट तक्रार पाठवून वेळ घालवू नका, कारण ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. कनेक्शन गल्लीतल्या छोट्या केबलचालकाचे असेल, तर त्याच्याकडे अपिलाची वेगळी व्यवस्था बहुधा नसते, तेव्हा पहिल्या लेखी पत्रानंतर थेट हेल्पलाइनकडे जाणे बरे.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले तर ते ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा मुद्दा ग्राहकांच्या बाजूने निकाली काढला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय मुंबईला असो वा दिल्लीला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी एक नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट पाहा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून ती पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पाच हजारांसाठी आयोगापर्यंत जावे का, याचा निर्णय तुमचा आहे, पण माझ्या मते नोटिशीनंतरच बरीच प्रकरणे मिटतात, कारण तेवढ्या रकमेसाठी वकील उभा करणे कंपनीलाही परवडत नाही.

वसुलीच्या फोनवर वाद घालू नका, ‘या रकमेवर माझी हरकत नोंदलेली आहे, तक्रार क्रमांक लिहून घ्या’ एवढेच सांगा आणि फोनची तारीख टिपून ठेवा. सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात ती तुमची पत, खराब होईल अशी भीती ते घालतील. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो दोन महिन्यांनी स्वतः काढून पाहा, आणि त्यात ही रक्कम दिसली तर तक्रार क्रमांक जोडून दुरुस्ती मागा.

आता नव्या कनेक्शनविषयी. मोबाइलप्रमाणे ब्रॉडबँडचे पोर्टिंग होत नाही, म्हणून एरवी आधी नवे घ्यायचे, आठ-दहा दिवस दोन्ही चालू ठेवायची आणि मग जुने बंद करायचे, असा क्रम सोयीचा पडतो. जुन्यासोबत लँडलाइन क्रमांक असेल तर तो जाईल, तेव्हा बँकेत आणि नातेवाइकांना आधी कळवा. कोणती कंपनी चांगली, याचे उत्तर संपूर्ण नाशिकसाठी एक नसते. कॉलेज रोडवर उत्तम चालणारी लाइन पाथर्डी फाट्याला रडतखडत चालू शकते, कारण तुमच्या इमारतीपर्यंतचा शेवटचा तुकडा कोणी आणि कसा टाकला आहे यावरच सगळे अवलंबून असते. तुमच्याच इमारतीतल्या दोन-तीन घरांत रात्री नऊ वाजता जाऊन वेग पाहा, केबल झाडांवरून आणि खांबांवरून आली आहे की जमिनीखालून हे बघा, आणि मागच्या पावसाळ्यात ती किती दिवस बंद होती हे विचारा. २०२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्त्यांची कामे चालू असल्याने जमिनीखालची केबलही तुटू शकते, तेव्हा दुरुस्तीला माणूस किती तासांत येतो हा प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचा आहे. वर्षभराचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने मोफत, असे आमिष दाखवले जाते. पहिले तीन महिने तरी मासिक योजनाच घ्या, कारण आगाऊ दिलेले पैसे परत मिळवणे हे तुमच्या आत्ताच्या भांडणापेक्षा कितीतरी कठीण आहे. राउटर विकत आहे, भाड्याचा आहे की ठेवीवर दिला आहे, हे कनेक्शन घेण्यापूर्वी ईमेलवर लिहून घ्या.

आणि जुना राउटर. माझ्याकडे तो न्यायला आलेला मुलगा ओळखीचा होता, पाऊस चालू होता, मी त्याला चहा दिला आणि डबा, ॲडॉप्टर सगळे पिशवीत घालून दिले. पावती मागायचे मला सुचलेच नाही. कंपनीच्या नोंदीत तो कधी जमाच झाला नाही, आणि अपिलातही माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. तुमच्या राउटरच्या मागे छापलेला अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र आजच काढा, न्यायला येणाऱ्याकडून नाव, तारीख, अनुक्रमांक आणि सही असलेली पावती घ्या, आणि तो पावती द्यायला तयार नसेल तर राउटर देऊ नका, त्याच वेळी कंपनीला ईमेल करून ‘माणूस आला होता, पावती देत नव्हता, राउटर माझ्याकडे सुरक्षित आहे’ असे कळवा.